उताऱ्यातला लेखक काय मानतो? सीसॅटमधल्या ‘दृष्टिकोना’च्या प्रश्नांची उकल

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेतला दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, ८० प्रश्नांचा, २०० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. त्यातले साधारण ५० प्रश्न उताऱ्यांवर येतात. पेपर आता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण पुरतात. तरीही दरवर्षी पहिल्या पेपरात चांगले गुण असलेले उमेदवार इथे अडकतात. उताऱ्यातली माहिती शोधून देणारे प्रश्न बहुतेकांना जमतात. अडते ते ‘लेखकाचा सूर कसा आहे?’ किंवा ‘अमुक गोष्टीबाबत लेखकाचा दृष्टिकोन कोणता?’ अशा प्रश्नांपाशी. याचे उत्तर उताऱ्यातल्या एखाद्या ओळीत सरळ लिहिलेले नसते. ते पाच-सहा छोट्या शब्दांत विखुरलेले असते, आणि घाईत वाचताना नेमके तेच शब्द डोळ्यांखालून निसटतात.

तरीही हा अंदाजाचा खेळ नाही. प्रत्येक वेळी तीन गोष्टी ठरवायच्या असतात: लेखकाचे मत कोणाबद्दल आहे, ते कुठल्या बाजूला झुकते आणि किती झुकते. ही तिन्ही उत्तरे कागदावरच्या शब्दांतून काढता येतात. ज्या पर्यायाला आधार म्हणून उताऱ्यातला एकही शब्द दाखवता येत नाही, तो पर्याय चूक समजावा.

आधी प्रश्न नीट वाचा

या प्रकारात चार वेगवेगळे प्रश्न येतात आणि चारही एकसारखेच वाटतात. ‘सूर’ विचारला असेल तर लेखक कशा स्वरात बोलतो ते सांगायचे: उपरोधिक, खेदाचा, माहितीपर. ‘दृष्टिकोन’ विचारला असेल तर कोणत्या तरी एका गोष्टीकडे तो कसा पाहतो ते. ‘भूमिका’ म्हणजे वादात तो कोणत्या बाजूला उभा आहे. ‘हेतू’ म्हणजे हे सगळे लिहिण्यामागचा उद्देश: पटवून देणे, तुलना करणे, गैरसमज दूर करणे. एकाच उताऱ्यात सूर उपरोधिक, दृष्टिकोन टीकात्मक आणि हेतू सुधारणेचा असू शकतो. पर्यायांत हे तिन्ही शब्द मुद्दाम मिसळून दिलेले असतात, त्यामुळे ‘हेतू’च्या प्रश्नाला ‘सुरा’चे बरोबर उत्तर निवडून गुण गमावणारे पुष्कळ असतात.

दृष्टिकोनाच्या प्रश्नात ‘कोणाकडे’ हा भाग अधोरेखित करा. फड पद्धत म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याची जुनी रीत. ‘फड पद्धतीकडे पाहण्याचा दृष्टिकोन’ आणि ‘फड पद्धतीच्या समर्थकांकडे पाहण्याचा दृष्टिकोन’ यांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. पुढच्या नमुन्यात तसेच होते.

पहिले वाचन: पेन्सिलीच्या तीन खुणा

उतारा वाचताना फक्त तीन खुणा करा. वळणाचा शब्द दिसला की त्याला गोल: मात्र, पण, परंतु, तथापि, असे असले तरी, जरी–तरी. मत लेखकाचे नसून दुसऱ्याचे असेल तिथे समासात ‘दु’. आणि बरे-वाईट सुचवणारा शब्द आला की अधिक किंवा उणे. बाकी काही अधोरेखित करू नका. जवळजवळ सगळा उतारा अधोरेखित करणाऱ्याला दुसऱ्या वेळी सगळाच पुन्हा वाचावा लागतो.

वळणाच्या शब्दाआधी लेखक बहुधा समोरच्याचे माप त्याच्या पदरात टाकतो आणि नंतर स्वतःचे मत मांडतो. ‘योजना चांगली आहे, पण अंमलबजावणी ढिसाळ आहे’ यात वजन ढिसाळपणावर. ‘अंमलबजावणी ढिसाळ आहे, पण योजना चांगली आहे’ यात तेच शब्द असून वजन योजनेवर. ‘जरी–तरी’च्या वाक्यात ‘जरी’चा भाग म्हणजे लेखकाने दिलेली सवलत आणि ‘तरी’चा भाग म्हणजे त्याचे म्हणणे. एका उताऱ्यात दोन-तीन वळणे असतील तर सहसा शेवटचे वळण निर्णायक ठरते. सहसाच, कारण काही लेखक शेवटी केवळ सौजन्य म्हणून एखादे गोड वाक्य टाकतात. त्या वाक्यामागे उताऱ्यातले एखादे कारण किंवा उदाहरण नसेल तर त्याला फार वजन देऊ नका.

आवाज वेगळे करा

सर्वाधिक चुका इथे होतात. उताऱ्यात जे लिहिले आहे ते सगळे लेखकाचे मत असते, असे धरून चालणारा उमेदवार विरोधकाचे वाक्य उचलून उत्तर देतो. ‘काहींच्या मते’, ‘असे मानले जाते’, ‘समर्थकांचे म्हणणे’, ‘असा समज आहे’ यांच्यापुढचे वाक्य दुसऱ्याच्या खात्यावर टाका. एखादा शब्द अवतरणात असेल तर तो शब्द लेखकाला स्वतःचा म्हणून वापरायचा नसतो: ‘विकास’ झाला, असे लिहिणाऱ्याला तो विकास वाटत नाही. ‘तथाकथित’ आणि ‘स्वतःला अमुक म्हणवणारे’ यांचेही काम तेच.

दुसऱ्याचे मत सांगताना लेखकाने कोणते क्रियापद वापरले आहे, यातच त्याचे स्वतःचे मत उतरते. एकच वाक्य घ्या. अधिकाऱ्यांनी कामे वेळेत झाल्याचे ‘सांगितले’: लेखक बाजूला उभा आहे. कामे वेळेत झाल्याचा ‘दावा केला’: लेखकाचा विश्वास नाही, निदान पुरावा पाहिल्याशिवाय तो मानणार नाही. कामे रखडल्याचे ‘कबूल केले’: कामे रखडली आहेत हे लेखक खरेच धरून चालतो आणि ते सांगणे अधिकाऱ्यांना जड गेले असेही सुचवतो. कामे रखडल्याचे ‘निदर्शनास आणून दिले’: लेखक सांगणाऱ्याच्या बाजूने आहे. ‘असे म्हणत हात झटकले’ म्हटले की टीका उघडच झाली. उताऱ्यात ‘दावा’ हा शब्द दिसला की समासात ‘दु’सोबत छोटेसे उणे टाका.

मराठीत मत कुठे दडते

इंग्रजी तयारीची पुस्तके विशेषणांवर भर देतात. मराठीत विशेषणे पाहावीतच, पण लेखकाचा कल त्यांच्याआधी अव्ययांत आणि क्रियापदांच्या रूपांत उतरतो. हे वाक्य पाहा:

रस्ता झाला. रस्ता एकदाचा झाला. रस्ता झाला म्हणे. रस्ता तर झाला. निदान रस्ता तरी झाला. रस्ताही झाला. चक्क रस्ता झाला.

घटना एकच आहे. पहिल्यात निव्वळ माहिती. ‘एकदाचा’मध्ये लांबलेल्या प्रतीक्षेचा वैताग आणि सुटकाही. ‘म्हणे’ने लेखकाने जबाबदारी झटकली, त्याला शंका आहे. ‘तर झाला’ म्हणताना त्याच्या मनात पुढचा ‘पण’ तयार आहे: रस्ता झाला, वाहने कुठे आहेत? ‘निदान... तरी’ म्हणजे अपेक्षा मोठी होती, मिळाले थोडे, तेवढ्यावर समाधान. ‘ही’ने रस्ता एका लांब यादीत जाऊन बसला. ‘चक्क’मध्ये आश्चर्य आहे, आणि त्या आश्चर्यात आधीच्या कारभारावरचा अविश्वास. उताऱ्यात असे एखादे अव्यय आले तर तेवढ्यावर उत्तर ठरवू नका. पण एकाच दिशेची दोन-तीन आली की दिशा नक्की झाली.

‘च’ कुठे चिकटला आहे तेही पाहा. ‘शासनानेच नियम मोडला’ यात रोख शासनावर आहे. ज्याने पाळायचा त्याने मोडला, असा ठपका. ‘शासनाने नियमच मोडला’ यात रोख कृतीच्या गांभीर्यावर आहे. पर्यायांत ‘शासनावर नाराज’ आणि ‘नियमभंगाबद्दल चिंतित’ असे दोन जवळजवळचे शब्द असतील तर हा एक अक्षराचा फरक कामी येतो. ‘केवळ’, ‘फक्त’, ‘जेमतेम’, ‘अवघे’ हे संख्येसोबत येणारे शब्दही असेच. ‘४० टक्के काम झाले’ ही माहिती, ‘जेमतेम ४० टक्के काम झाले’ ही तक्रार, ‘तब्बल ४० टक्के’ म्हटले की आश्चर्य. आकडा कितीही वस्तुनिष्ठ वाटला तरी त्याच्या डाव्या बाजूचा शब्द वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

संयुक्त क्रियापदे हा तर खास मराठी ठेवा आहे. निर्णय ‘घेतला’ आणि निर्णय ‘घेऊन टाकला’: दुसऱ्यात घाई किंवा बेफिकिरी. निर्णय ‘घेऊन बसले’: आता निस्तरावे लागेल. नियम ‘करून ठेवले आहेत’: केले खरे, त्यांचे पुढे काही झाले नाही. मंजुरी ‘मिळवून घेतली’: प्रयत्नाने, कधी कधी आडमार्गाने. इथे लेखक एकही टीकेचा शब्द वापरत नाही आणि तरी टीका पोचते.

काळ आणि अर्थही बोलतात. ‘करावे’, ‘करायला हवे’ म्हणजे शिफारस. लेखक आशा बाळगून आहे. ‘करायला हवे होते’, ‘करता आले असते’ म्हणजे वेळ निघून गेल्याची खंत किंवा ठपका. ‘पूर्वी गावकरी एकत्र जमत, विहीर साफ करत’ अशी भूतकाळातल्या सवयीची रूपे ओळीने आली आणि सोबत प्रेमाचे शब्द असले तर सूर स्मरणरंजनाचा असू शकतो. प्रेमाचे शब्द नसतील तर तो इतिहासकथनाचा सूर आहे. ‘करण्यात आले’ हा कर्ता लपवणारा प्रयोग बहुधा शासकीय, अलिप्त सुराचा.

आदरार्थी बहुवचनावरून मात्र काही ठरवू नका. ‘ते म्हणाले’ हा लेखनाचा रिवाज आहे. उलट ‘विद्वान मंडळी’, ‘महाशय’, ‘जाणकार’ असे शब्द टीकेच्या ओघात आले तर ते मान देण्यासाठी नसतात.

नमुना पहिला

आता हे सगळे एका उताऱ्यावर लावून पाहू.

‘धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीकाठची फड पद्धत आज अभ्यासकांच्या कौतुकाचा विषय आहे. नदीवर ठिकठिकाणी बंधारे घालून पाटाने पाणी फिरवायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाण्याच्या पाळ्या गावानेच ठरवायच्या, ही व्यवस्था शतकानुशतके टिकली. पाण्याच्या न्याय्य वाटपाचा इतका साधा आणि इतका पक्का नमुना क्वचितच आढळेल. मात्र ती आज जशीच्या तशी उभी करता येईल असे मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. वरच्या अंगाला धरणे झाली, नदीचे वाहणे बदलले, विहिरींवर मोटारी बसल्या. तेव्हा एकत्र बसून पाळी ठरवण्याची गरजच अनेकांना उरली नाही. फडाकडून आधी घ्यायचा तो त्यामागचा करार. बंधाऱ्याचे दगड नंतर.’

प्रश्न: फड पद्धतीकडे पाहण्याचा लेखकाचा दृष्टिकोन कसा आहे? १) निःसंशय गौरवाचा २) आदराचा, पण मर्यादांचे भान ठेवणारा ३) नकारात्मक व टीकेचा ४) तटस्थ व माहितीपर.

पहिल्या वाक्यातले कौतुक अभ्यासकांचे आहे, तिथे ‘दु’. तिसऱ्या वाक्यातले कौतुक मात्र लेखकाचे स्वतःचे: ‘इतका साधा आणि इतका पक्का’, इथे अधिक. म्हणून पर्याय ४ गेला; तटस्थ लेखक असे म्हणणार नाही. ‘मात्र’नंतर मर्यादा येते, म्हणून पर्याय १ गेला. पण ती मर्यादा पद्धतीच्या दोषामुळे नाही, बदललेल्या परिस्थितीमुळे आहे, आणि शेवटी लेखक तिच्याकडून काही घ्यायलाच सांगतो. म्हणून ३ गेला. उरला २. ‘मात्र’ दिसताच पर्याय ३ वर उडी मारणारे इथे फसतात: वळण आले म्हणजे मत उलटले असे होत नाही, पुष्कळदा ते फक्त आटोक्यात येते.

आता प्रश्न बदलून ‘ही पद्धत जशीच्या तशी उभी करू पाहणाऱ्यांकडे’ पाहण्याचा दृष्टिकोन विचारला तर? उत्तर: असहमतीचा, पण सौम्य. ‘ध्यानात घ्यायला हवी’ ही समजावणी आहे. पर्यायांत ‘उपहासाचा’ असेल तर त्याला एकही शब्द साक्षीला नाही.

किती? मात्रा ठरवणे

दिशा बरोबर ओळखूनही उत्तर चुकते ते मात्रेमुळे. बाजूने असलेल्या शब्दांची चढण साधारण अशी: मान्यता, पसंती, कौतुक, गौरव, भक्तिभाव. विरोधाची: शंका, नाराजी, टीका, निषेध, धिक्कार. लेखकाने जेवढे शब्द खर्च केले आहेत तेवढ्याच पायरीवर थांबा. आयोगाचे उतारे बहुतांशी विचारपर लेखनाच्या वळणाचे असतात, त्यामुळे ‘धिक्कार’, ‘तीव्र संताप’, ‘अंधभक्ती’ हे पर्याय बहुतेक वेळा चूक निघतात. पण ‘टोकाचा पर्याय नेहमी चूक’ हा नियम पाठ करून जाऊ नका. उताऱ्यात ‘लांच्छनास्पद’, ‘अक्षम्य’, ‘निर्लज्ज’ असे शब्द असतील तर ‘सौम्य नाराजी’ हेच चूक उत्तर ठरते.

विषयाचे दुःख आणि लेखकाचे दुःख यांतही गल्लत होते. दुष्काळावरचा उतारा म्हणजे सूर ‘व्यथित’, असे उमेदवार धरून चालतात. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये कसा झाला, हे टप्प्याटप्प्याने सांगणाऱ्या उताऱ्यात एकही हळहळीचा शब्द नसेल तर सूर माहितीपर आहे, विषय कितीही वेदनेचा असो. तसेच स्वतःच्या मताचे. आरक्षण, धरणे, इंग्रजी माध्यम अशा विषयांवर उमेदवाराचे मत आधीच पक्के असते आणि ते लेखकाच्या तोंडी घातले जाते. विषय जवळचा असेल तर प्रत्येक पर्यायाला आधार देणाऱ्या शब्दावर पेन्सिल टेकवण्याची सक्ती स्वतःवर करा.

पर्यायांतले दगा देणारे शब्द

या प्रश्नांत अर्धी लढाई पर्यायांच्या शब्दार्थाची असते. काही जोड्या नीट समजून घ्या.

‘उदासीन’ म्हणजे दुःखी नव्हे. त्याला त्या गोष्टीचे सोयरसुतक नाही. दुःखी तो ‘उदास’ किंवा ‘खिन्न’. ‘तटस्थ’ माणसाला रस असतो पण तो बाजू घेत नाही. उदासीन माणसाला रसच नसतो. ज्याने एखाद्या विषयावर तीन परिच्छेद लिहिले तो त्या विषयाबाबत उदासीन असण्याची शक्यता फारच कमी.

‘साशंक’ म्हणजे शंका घेणारा. ‘संशयास्पद’ म्हणजे ज्याच्याबद्दल शंका यावी असा. ‘लेखकाचा दृष्टिकोन संशयास्पद’ या पर्यायाचा खरा अर्थ लेखकावरच संशय घ्यावा असा होतो. ‘कौतुकाचा’ आणि ‘कौतुकास्पद’ यांचेही तसेच. तरी पर्याय लिहिणाऱ्यांकडूनही ही चूक होते, म्हणून बाकीचे तीन पर्याय स्पष्टपणे चूक असतील तर केवळ शब्दाच्या अशुद्धतेसाठी चौथा सोडू नका.

‘चिकित्सक’ बारकाईने तपासतो, त्याचा निष्कर्ष अनुकूलही असू शकतो. ‘टीकात्मक’ म्हटले की दोष दाखवणे आले. ‘निराश’ हा एका बाबीपुरता, ‘निराशावादी’ हा स्वभाव. उताऱ्यात एकच गोष्ट फसल्याचे लिहिले असेल तर दुसरा शब्द जास्त होतो. ‘सावध आशावादी’ हा पर्याय तेव्हाच घ्या, जेव्हा उताऱ्यात आशेचा एक तरी शब्द आणि अटीचा एक तरी शब्द आहे.

दोन शब्दांचे पर्याय आले, जसे ‘टीकात्मक पण सहानुभूतिपूर्ण’, तर दोन्ही अर्धे वेगवेगळे तपासा. बहुधा एक अर्धा पक्का बरोबर आणि दुसरा निराधार असतो, आणि बरोबर अर्ध्याच्या जोरावर पूर्ण पर्याय विकला जातो.

नमुना दुसरा: उपरोध

‘गावात वाचनालय आहे. म्हणजे फलक आहे, त्यावर स्थापनेचे वर्ष ठळक अक्षरांत आहे आणि आत कुलूपबंद कपाटे आहेत. पुस्तके सुरक्षित राहावीत याची काळजी इतकी चोख घेतली जाते, की कित्येक महिन्यांत एकाही पुस्तकाला वाचकाचा हात लागलेला नाही. तपासणीच्या दिवशी नोंदवहीत मात्र वाचकांची रीघ लागते. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावी वाचनाची सोय व्हावी अशी अपेक्षा धरली होती. सोय झाली, कपाटांची.’

‘चोख’ हा स्तुतीचा शब्द आहे आणि यांत्रिकपणे अधिकची खूण करणारा इथे चुकेल. उपरोध ओळखायची कसोटी अशी: स्तुती अक्षरशः खरी मानली तर त्याच उताऱ्यातले पुढचे वाक्य तिला खोटे ठरवते का? वाचनालयाची काळजी चोख आणि वाचक एकही नाही, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. अशी विसंगती दोन ठिकाणी सापडली की उपरोध पक्का. इथे नोंदवहीतली रीघ ही दुसरी.

उपरोध, उपहास आणि विडंबन एकाच यादीत पर्याय म्हणून आले तर: उपरोधात बोलायचे एक आणि सुचवायचे त्याच्या उलट. उपहासात तुच्छतेने हसणे असते, उलट बोलावे लागत नाही. विडंबनात एखाद्याच्या शैलीची नक्कल असते. वरच्या उताऱ्यात नक्कल नाही आणि माणसांबद्दल तुच्छताही नाही, म्हणून ‘उपरोधिक’. आणि पुन्हा ‘कोणाबद्दल’ पाहा: उपरोधाचा रोख वाचनालयाच्या कारभारावर आहे. ग्रंथालय कायद्याबद्दल विचारले तर उत्तर बदलेल, कारण कायद्याने धरलेली अपेक्षा लेखकालाही रास्तच वाटते. ती पुरी झाली नाही, ही त्याची तक्रार आहे.

नमुना तिसरा: खोटी तटस्थता

‘२००२ मध्ये बीटी कापसाच्या व्यापारी लागवडीला भारतात परवानगी मिळाली. या वाणाने बोंडअळीचा प्रश्न मिटवला, असे समर्थक सांगतात. त्यानेच शेतकऱ्याला कर्जात लोटले, असे विरोधक म्हणतात. गुलाबी बोंडअळीने पुढे या वाणाविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली, हे समर्थकांच्या मांडणीत येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत फवारणीचा खर्च घटला, हे विरोधकांच्या मांडणीत येत नाही. विदर्भातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. तिथल्या शेतकऱ्याचे बरेवाईट बियाण्याइतकेच पावसावर आणि बाजारभावावर ठरते, आणि या वादात त्या दोहोंचा उल्लेख जेमतेम होतो.’

दोन्ही बाजू दिल्या आहेत, म्हणून ‘तटस्थ’ निवडायचा मोह होतो. बियाण्याबाबत प्रश्न असेल तर ‘संतुलित’ हे उत्तर चालेल. पण प्रश्न ‘या वादाबाबत लेखकाचा दृष्टिकोन’ असा असेल तर लेखक तटस्थ नाही. दोन्ही बाजूंचे झाकलेले मुद्दे त्याने एकेक करून उघडे केले, आणि शेवटी ‘जेमतेम’ म्हणून स्वतःची तक्रार नोंदवली. वादाच्या अपुरेपणावर त्याची टीका आहे. दोन्ही बाजूंना समान अंतरावर ठेवणे आणि मत नसणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

इंग्रजी उतारे

सीसॅटमध्ये मराठी आणि इंग्रजी आकलनाचे काही उतारे भाषांतराशिवाय येतात, म्हणून काही इंग्रजी शब्द पक्के हवेत. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्ष, निरुत्साही नव्हे. ‘अँबिव्हॅलंट’ म्हणजे दोन्हीकडे ओढ असलेला, द्विधा. ‘स्केप्टिकल’ पुरावा मागतो, ‘सिनिकल’ माणसांच्या हेतूंवरच विश्वास ठेवत नाही. दुसरा बराच कडवा. ‘क्वालिफाइड अप्रूव्हल’मधल्या ‘क्वालिफाइड’चा पात्रतेशी संबंध नाही, ती हातचे राखून दिलेली मान्यता. ‘क्रिटिकल’ चिकित्सक आहे की टीकात्मक, हे उताऱ्यावरून ठरवावे लागते.

दोन्ही भाषांत छापलेल्या उताऱ्यात मराठी पर्याय खटकला, तर शेजारचा इंग्रजी शब्द पाहायला पाच सेकंद लागतात. भाषांतरात मात्रा घसरते, आणि दिशा मात्र बहुधा शाबूत राहते.

वेळ आणि उणे गुण

८० प्रश्नांना १२० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. पाच प्रश्नांच्या उताऱ्याला साडेसात. वाचनाला तीन, खुणांसह, आणि उरलेली साडेचार मिनिटे प्रश्नांना. सूर-दृष्टिकोनाचा प्रश्न त्या उताऱ्यातल्या पाचांपैकी शेवटी सोडवा. बाकीचे चार सोडवताना उतारा पुन्हा डोळ्यांखालून जातो आणि दिशा आपोआप पक्की होते.

प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण. चुकीला एक चतुर्थांश, म्हणजे ०.६२५ गुण वजा. दोन पर्याय उरले असतील तर सोडण्यात तोटा आहे, कारण अशा प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.९४ गुण पदरात पडतात. तीन उरले तरी सरासरी ०.४२ आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीसॅटमध्ये एक तृतीयांश वजा होतात, तिथे हेच आकडे ०.८३ आणि ०.२८ होतात, एकही पर्याय बाद करता आला नाही तर सरासरी शून्य. म्हणून निदान एक पर्याय बाद करण्याइतका वेळ प्रश्नाला द्या, तेवढ्यात झाले नाही तर पुढे चला.

सराव कसा करावा

रोज एका वृत्तपत्राचा अग्रलेख घ्या. वाचून झाल्यावर तीन ओळी लिहा: मत कोणाबद्दल, कुठल्या बाजूला, किती. प्रत्येकीपुढे लेखातला एक शब्द साक्षीदार म्हणून लिहा. साक्षीदार सापडला नाही तर ती ओळ खोडा. दहा दिवसांत आपण कुठे सारखे घसरतो ते कळते: काहींना दुसऱ्याचे मत लेखकाचे वाटते, काहींची मात्रा नेहमी एक पायरी चढते.

दुसरा सराव उलटा आहे आणि जास्त उपयोगाचा. चार ओळींची साधी बातमी घ्या, समजा ‘पुलाचे काम पूर्ण झाले’, आणि माहिती न बदलता ती चार सुरांत लिहा: तटस्थ, समाधानाच्या, साशंक, उपरोधिक. विशेषण वापरायचे नाही, एवढी एक अट. मग ‘एकदाचे’, ‘म्हणे’, ‘करून टाकले’ यांच्याकडेच वळावे लागते, आणि ज्या जागी स्वतः मत दडवले, त्या जागा दुसऱ्याच्या लेखनात लगेच दिसू लागतात.

जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना आयोगाची अंतिम उत्तरतालिका वापरा, पहिली नव्हे. हरकतींनंतर काही उत्तरे बदलतात आणि काही प्रश्न रद्द होतात. उत्तर चुकले तर ‘बरोबर उत्तर कोणते’ एवढे पाहून पुढे जाऊ नका. आपण निवडलेल्या पर्यायात नेमके काय चुकले ते एका शब्दात समासात लिहा: रोख, दिशा, मात्रा, आवाज किंवा शब्दार्थ. पाच प्रश्नपत्रिकांनंतर ते समास मोजा. जो शब्द सर्वांत जास्त वेळा आला असेल, पुढचा आठवडा फक्त त्याच्यासाठी ठेवा.